पुढच्या खोलीतलं इंजिन

वहिनी: हळू बोला भाऊजी. आत्ताच गोळी दिलीय, डोळा लागलाय ह्यांचा. आणि त्या बाजूने येऊ नका, गुडघा आपटेल. आल्यागेल्या प्रत्येकाचा आपटतो.

भाऊजी: हे अजून इथेच आहे?

वहिनी: जाणार कुठे? तुम्ही आणि ह्यांनी, तुमच्या उस्तादांनी, चार हमाल लावून जिथे उतरवलंत, तिथेच. गॅरेजच्या छपराचं काम निघालंय, चार दिवस राहू दे म्हणाला होतात. नऊ वर्षं झाली.

भाऊजी: मला वाटलं, मागच्या खोपटात वगैरे ठेवलं असेल. तुम्ही फोनवर नुसतं म्हणालात की भंगाराच्या भावात देते, आजच्या आज घेऊन जा.

वहिनी: मला भाव नकोय, जागा हवीय. ती चादर काढा. फळी भिंतीला लावा. आधी त्या फळीवर टीव्ही होता, मग औषधांच्या बाटल्या आल्या. मी भाजीसुद्धा निवडलीय तिच्यावर.

भाऊजी: तेच आहे. वखारीतलं. नंबरसुद्धा दिसतोय, पुसून ठेवलाय कुणीतरी.

वहिनी: कुणीतरी म्हणजे मीच. दर रविवारी. जुन्या ट्रकचं इंजिन, आठ सिलिंडरचं, असं आता जन्मात मिळायचं नाही, हे सगळं पाठ आहे मला. लाकडाच्या वखारीत करवत फिरवत होतं, वखार बंद पडली आणि तुम्ही दोघं ते मातीमोल किमतीला घेऊन आलात. त्या दिवशी घरात काय मिरवणूक होती. हे त्याला कान लावून बसले होते. बंद इंजिनाला. मी विचारलं, काय ऐकताय, तर म्हणाले, अजून काही नाही.

भाऊजी: जिवंत आहे म्हणाले होते मला. पाना द्याल जरा? तो पिशवीतला, मोठा. पुढचा नट धरून फिरवून बघतो.

वहिनी: फिरतंय?

भाऊजी: नाही. जाम झालंय.

वहिनी: म्हणजे घेणार नाही तुम्ही?

भाऊजी: तसं नाही. पिस्टन धरलेत आतून, एवढंच. पण नवल वाटतंय. नऊ वर्षं पडून असलेलं इंजिन बाहेरून कितीही चांगलं दिसलं, तरी आतून पार गंजलेलं असतं. इथे प्लगच्या भोकांशी ताजं तेल दिसतंय. म्हणजे ताजं नाही, पण नऊ वर्षांपूर्वीचंही नाही.

वहिनी: हे घालायचे.

भाऊजी: कोण, उस्ताद?

वहिनी: दर महिन्याच्या एक तारखेला. आठ भोकं, आठ चमचे तेल. मग तुमच्यासारखाच पाना लावून हाताने दोन फेरे फिरवायचे. पगार नसेल वेळेवर आला, घरभाडं राहिलं असेल, पण एक तारखेचं हे चुकलं नाही. मी म्हणायचे, जे कधी सुरू व्हायचं नाही त्याला कशाला पाजताय? तर म्हणायचे, ज्याच्यासाठी आहे तो आला तर तयार नको का? मला वाटायचं, एखादं गिऱ्हाईक असेल. चौदा महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, मग कोण घालणार तेल.

भाऊजी: चौदा महिन्यांत धरलं म्हणजे.

वहिनी: तुम्ही असे खाली काय बसलात?

भाऊजी: गिऱ्हाईक नव्हतं ते वहिनी. जरा बसतो.

वहिनी: मला कुणी नीट सांगितलंच नाही भाऊजी, त्या वेळी काय झालं ते. हे एक दिवस गॅरेजवरून घरी आले, हात धुतले, आणि म्हणाले की आजपासून तिकडे जाणार नाही. इंजिन त्याला मिळणार नाही. बस्स. दुसऱ्याच आठवड्यात बसच्या डेपोत नोकरी धरली. ज्याच्या ताटात जेवायचात तुम्ही, त्याने तुमचं नाव घेणं टाकलं. मी तर समजले होते की पैशावरून बिनसलं असणार.

भाऊजी: पैशावरून नाही. छतावरून.

वहिनी: छतावरून?

भाऊजी: तुम्हाला माहितीय ना गाडी कशी करायची होती. जुनी, गोल पाठीची. तिचं छत कापून ठेंगणी करायची, आणि बॉनेट न लावता पोटातलं इंजिन उघडं ठेवायचं.

वहिनी: हॉट रॉड. तो शब्द मला झोपेत ऐकू यायचा.

भाऊजी: तीच. छत किती कापायचं यावर आमचा महिनाभर खल चालला होता. उस्तादांनी खडूची खूण करून ठेवली. चार बोटं. म्हणाले, मी दोन दिवसांनी येतो, मग दोघं मिळून कापू. ते इकडे तुमच्या सासूबाईंपाशी दवाखान्यात होते तेव्हा. आणि मी एकट्याने कापलं. खुणेच्या खाली. सहा बोटं.

वहिनी: दोन बोटांवरून?

भाऊजी: पत्रा एकदा कापला की वाढत नाही वहिनी. ते आले, बघितलं, खडू उचलून खिशात टाकला आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, गाडी माझी, हात माझे, हवं तसं कापीन. तेव्हापासून तो सांगाडा माझ्या गॅरेजात ताडपत्रीखाली आहे. निम्मी जागा त्यानेच खाल्लीय. बायको म्हणते, विकून टाक. विकवत नाही. दुसरं इंजिन घाल म्हणतात लोक, तर तेही बसत नाही. इंजिन टेकायचे खालचे सगळे पाय याच्याच मापाने जोडलेत.

वहिनी: म्हणजे तुमच्याकडेही तेच आहे. मला वाटलं, मी एकटीच.

भाऊजी: तुम्ही तरी कधीच का नाही हलवलंत? एक फोन केला असता.

वहिनी: इकडे या. इंजिन आणि भिंत यांच्यामध्ये उभे राहा. सरळ नाही, आडवे. किती जागा आहे?

भाऊजी: हातभर. फार तर सव्वा हात.

वहिनी: चाकाची खुर्ची दीड हाताहून जास्त आहे. ती बघा, दाराआड घडी करून ठेवलीय. दवाखान्यातून आणली तशीच आहे, प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. ह्यांना घरी आणलं तेव्हा शेजारच्या चौघांनी चादरीत घालून या इंजिनावरून पलीकडे दिलं. जसं सामान देतात तसं. तेव्हापासून हे त्या मागच्या खोलीत आहेत. तिथे खिडकी नाही, वर एक झरोका आहे तेवढाच. व्यायामाला येणारी बाई दर खेपेला सांगते, ह्यांना उन्हात न्या, माणसं दिसू देत. मी म्हणते, हो नेते.

भाऊजी: मग भंगारवाल्याला तरी द्यायचं.

वहिनी: बोलावला होता. हे नाही म्हणाले. आता ह्यांना दोनच गोष्टी बोलता येतात. एक 'नाही', आणि दुसरं 'राहू दे'. अधूनमधून एखादा सुटा शब्द निघतो, तो काय ते मी ओळखायचं. पाणी हवं तरी नाही, नको तरी नाही. पण भंगारवाला आला तेव्हाचं नाही मला लगेच कळलं. डाव्या हाताने पलंगाची दांडी हलवत होते. मग मी डेपोतल्या एकाचं नाव घेतलं, तो घेईल म्हणाला होता. नाही. भावाचं घेतलं. नाही. तुम्हाला वाटेल, मी कशाला विचारत बसले. बोलवायचा टेम्पो आणि मोकळं व्हायचं. पण मी बाजारात गेले तरी अर्ध्या तासात परत येते भाऊजी. ह्यांना एकटं टाकता येत नाही. उरलेला सगळा दिवस ह्यांच्यासमोर काढायचा. ज्याच्यासमोर चोवीस तास बसायचं त्याच्याशी दगा करून कसं बसणार?

भाऊजी: आणि आज?

वहिनी: मागच्या आठवड्यात मी तुमचं नाव घेतलं.

भाऊजी: काय म्हणाले?

वहिनी: काहीच नाही.

भाऊजी: नाही म्हणाले नाहीत?

वहिनी: डोळे मिटले. मी तीनदा विचारलं, तीनदा मिटले. आता त्याचा अर्थ हो, की माझ्यासमोर त्याचं नाव काढू नकोस, हे मला कुणी सांगायचं? म्हणून म्हणते, झोप आहे तोवर न्या. गोळीचा अंमल दोन तास असतो. हमाल बाहेर उभे आहेत ना?

भाऊजी: उभे आहेत. चेन-पुलीही आणलीय. पण असं नाही नेणार मी.

वहिनी: भाऊजी.

भाऊजी: एकदा त्यांच्या माघारी कापलंय वहिनी. आता माघारी उचलूनही नेऊ?

वहिनी: मग मी काय करू? तुम्ही आपले चांगले व्हाल, परत निघून जाल. इथे मी राहणार. बहीण तीन वेळा आजारी पडून बरी झाली, मी गेले नाही. आरशात बघते तेव्हा मागे हे इंजिन दिसतं मला. तुमच्या दोघांच्या दोन बोटांमध्ये माझी नऊ वर्षं गेलीत, त्याचं काय?

उस्ताद: कोण.

वहिनी: उठले. माझाच आवाज वाढला. जा आता आत, काय विचारायचं ते विचारा. डाव्या बाजूने जा, उजवीकडे कुणी असलं तर त्यांना कळत नाही.

भाऊजी: उस्ताद, मी आहे.

उस्ताद: तू.

भाऊजी: हो. इंजिन बघायला आलोय. वहिनींवर रागावू नका, त्यांनी बोलावलं ते बरंच केलं.

उस्ताद: नाही.

भाऊजी: नाही म्हणजे, देणार नाही?

उस्ताद: नाही.

वहिनी: बघा. दिवसभर हेच चालतं.

भाऊजी: थांबा वहिनी. उस्ताद, छत मी जास्त कापलं. तुमची खडूची खूण समोर होती, दिसत होती. मला वाटलं, अजून ठेंगणी केली तर रुबाबदार दिसेल, आणि तुम्ही आल्यावर म्हणाल, पोराने केलं. दुसऱ्याच दिवशी आत बसून बघितलं तर डोकं लागलं. मला तेव्हाच कळलं होतं. सांगायला आलो नाही.

उस्ताद: डोकं.

भाऊजी: हो, डोकं लागतं. मान वाकडी करून बसावं लागतं. एका कुशीवर झोपल्यासारखं.

वहिनी: हसतायत. भाऊजी, हे हसतायत. तोंडाचा तो कोपरा बघा.

भाऊजी: नेऊ का उस्ताद? ते जाम झालंय, पण सोडवीन मी. पहार लावून हलकेच—

उस्ताद: नाही. नाही. डि. डिझेल.

भाऊजी: बरोबर. जोर नाही लावत. भोकांतून डिझेल भरतो आणि भिजत ठेवतो. किती दिवस?

उस्ताद: राहू दे.

भाऊजी: भिजत राहू दे? की इंजिनच राहू दे इथे?

वहिनी: हेच ओळखत बसलेय मी चौदा महिने.

भाऊजी: हात द्या तुमचा. हा, डावा. न्यायचं असेल तर दाबा. नसेल न्यायचं तर मी हमालांना परत पाठवतो आणि दर महिन्याला एक तारखेचं तेल घालायला येतो. तुम्ही म्हणाल ते.

वहिनी: काय झालं? दाबला?

भाऊजी: दाबला. आता सोडत नाहीयेत.

(तासाभरानंतर. इंजिन टेम्पोत चढलं आहे. खोलीच्या मधोमध फरशीवर तेलाचा काळा चौकोन उरला आहे. उस्ताद चाकाच्या खुर्चीत, उघड्या दारापाशी.)

वहिनी: खोली केवढी आहे हो ही. मी विसरलेच होते.

भाऊजी: खुर्ची अजून पुढे घेऊ? पाचच पायऱ्या आहेत, हमाल उचलून खाली ठेवतील रस्त्यावर.

उस्ताद: नाही.

वहिनी: राहू दे भाऊजी, आज दारापर्यंत पुरे. डोळे किलकिले झालेत, ऊन सोसत नाहीये. चौदा महिन्यांत उजेडात बघितलं नव्हतं मी ह्यांना. किती पांढरे झालेत.

भाऊजी: मी बसतो इथे. टेम्पो थांबेल तासभर. तुम्ही जरा बाहेर जाऊन या.

वहिनी: मी? कुठे?

भाऊजी: कुठेही. बहिणीकडे जा, बाजारात जा. नुसत्या हिंडून या. यांचं मी बघतो.

वहिनी: पाणी उजव्या हाताला ठेवू नका. आणि ठसका लागला तर पाठ चोळायची, थोपटायची नाही. येते मग.

भाऊजी: गेल्या उस्ताद. दिसतायत ना? पिवळी साडी. भराभर चालल्यात, बघा. आता कोपऱ्यावर पोचल्या.

उस्ताद: उभी.

भाऊजी: हो, उभ्या राहिल्यात. कुणी भेटलं असेल. नाही, एकट्याच आहेत. इकडे बघतायत, तिकडे बघतायत.

उस्ताद: आली.

भाऊजी: वहिनी, इतक्यात? काही विसरलात का?

वहिनी: नाही हो. कोपऱ्यापर्यंत गेले. पुढे कुठे वळायचं, तेच सुचेना.