बिराजदार सरांचा न सापडलेला ग्रह

काकू, अध्यक्ष आणि जमलेली मंडळी, उभी राहिले खरी. पण पंचाईत अशी की माझ्याआधी तिघं बोलले, आणि तिघांनीही सांगितलं, बिराजदार सरांनी ग्रह शोधला. तो ग्रह नाही हो! आता हे शोकसभेत कसं सांगायचं?

मी सुनंदा, सरांची कॉलेजातली विद्यार्थिनी. सर रिटायर झाल्यापासून रविवारी आम्ही त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसायचो. अवकाशातली दुर्बीण ताऱ्यांचा उजेड मोजते, ते आकडे कुणालाही बघता येतात. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड इवलासा कमी होतो, आलेखात खड्डा पडतो. खड्डा दिसला की मी ओरडायची, "सर, ग्रह!" सर म्हणायचे, "थांब की. खड्डे आपल्या गल्लीत पण हायत, तितनं ग्रह गेला का?"

मग चौकशी. दुर्बीणच हलली असेल. शेजारच्या ताऱ्याचा उजेड मिसळला असेल. नाहीतर दोन तारेच एकमेकांना झाकत असतील. संशय म्हणजे किती! सर-काकूंच्या मुलीला चांगलं स्थळ आलं, तर सर म्हणाले, "एकदा दिसून काय कळतंय? तीनदा दिसू दे." मुलगा तीनदा पोहे खाऊन गेला, तेव्हा कुठं लग्न ठरलं. जावईबापू, हसताय काय, खरंय ना?

शेवटचा एक तारा मात्र सरांना लई आवडला. बाकी सगळ्या तपासण्यांत पास. दवाखान्यातून मला म्हणाले, "एकाआड एक खड्डे ताडून बघायचे राहिलेत. सगळे सारखे भरले तर ग्रह. एक खोल, एक उथळ निघाला तर एकमेकांना झाकणारे दोन तारे. बघ आणि मला सांग. आजारी हाय म्हणून गोड बोलू नको." एवढं ऐकून जावईबापूंनी तिथंच पेढे वाटले. म्हणून हे गावभर झालं.

मी ताडून बघितलं. एक खोल, एक उथळ. सांगायला धावत गेले, तर सर गेले होते.

काल काकूंना विचारलं, "लोक ग्रह म्हणतायत. म्हणू दे का?" काकू डोळे पुसता पुसता भडकल्या. "पुराव्याशिवाय त्या माणसानं मला शेजारणीला नावंसुद्धा ठेवू दिली न्हाईत. आता त्याच्याच गळ्यात खोटा ग्रह बांधतीस व्हय गं?"

तेव्हा मंडळी, कृपा करून ठरावात ग्रह लिहू नका.

आणि सर, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. ते दोन तारे आहेत. मला फार वाईट वाटतंय सर, पण दोन तारेच आहेत.

उठा मंडळी. जरा वेळ शांत उभं राहू.