आजींच्या अंगठ्याची स्प्रिंग

"आजोबा, हा फोन सारखा वर-खाली का सरकवताय?" फोनदुरुस्तीच्या दुकानात मैत्रिणींनी पैज लावली आणि एक शाळकरी मुलगी अनोळखी आजोबांना खरंच विचारून बसली.

"स्प्रिंग तपासतोय. असे झाकण सरकवून उघडायचे फोन असतात ना, त्यांच्या स्प्रिंगा मीच करायचो. अर्ध्यापर्यंत अंगठ्याने ढकलायचं, पुढचं ती बघते."

"पहिली स्प्रिंग काय गुणाची होती तेही सांगा की," त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या. "फोन माझ्या हातातून उडाला तो थेट बादलीत."

"तेव्हापासून हिच्याच अंगठ्यावरून जोर ठरवायला लागलो."

"आता तोच अंगठा दुखतो. म्हटलं, नवा फोन घेऊ. ऐकतील तर शपथ."

"त्यापेक्षा हलकी स्प्रिंग वळून आणली. आत्ताच बसवून घेतली. बघ गं."

आजींनी हळूच ढकललं. टक.

"दुखलं?"

"नाही हो."

"खरं सांग."

"तुम्ही गप्प बसा, मला परत करू द्या."

टक. टक. टक.

"पोरी, तू काय शिकणार गं?" आजोबांनी मुलीकडे वळून विचारलं.

"घरचे म्हणतात, डॉक्टर हो."

"आणि तू काय म्हणतेस?"

त्याचं उत्तर तिने घरी, चपला काढता काढता दिलं.

"आई, बाबा, मी डॉक्टर होणार नाही. मी स्प्रिंगा करणार. आणि आई, हात पुढे कर, तुझ्या अंगठ्यात जोर किती आहे ते बघू दे."