नव्या चाकूचा खटका

दवाखान्याच्या बाकावर आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या मास्तरांचे लक्ष वर्तमानपत्रावरून उडाले, ते शेजारच्या माळीबुवांमुळे. त्यांच्या हातात कलमे बांधण्याचा नवा, मिटणारा चाकू होता आणि काही केल्या तो मिटत नव्हता.

"अहो, चार माणसांत तरी आत ठेवा तो," त्यांच्या पलीकडे बसलेली त्यांची बायको म्हणाली.

"आधी ओळख तर होऊ दे. जुना नुसता दाबला की मिटायचा. याचा खटका अंगठ्यानं सरकवावा लागतो."

"मग सरकवा की."

"नवा आहे, कडक आहे."

"आणि सकाळी शर्टाचं बटण लागत नव्हतं, तेही नवंच का?"

"तू वकील व्हायला हवं होतंस."

"अंगठ्याला मुंग्या येतात, हे डॉक्टरांना सांगणार ना?"

"अंगठा कामातून गेला म्हणाले तर? तीस वर्षं कलमांशिवाय दुसरं काही केलं नाही मी."

"आणा इकडे. बोट कापून घ्याल."

तिच्या बोटाखाली खटका सहज सरकला आणि पाते मुकाट्याने मुठीत गेले.

"कडकच आहे हो," ती म्हणाली.

"मग तुला कसा मिटला?"

"उठा. आपला नंबर आला."

"अंगठ्याचं आत तूच सांग."