बोल्टवरचा आकडा

– छे रे, रायफल बिघडली म्हणू नकोस, माझ्या दुकानात तो शब्द चालत नाही. मोटार बिघडते, मिक्सर बिघडतो, जावई बिघडतो. बोल्टच्या रायफलीत आहे काय बिघडण्यासारखं? हा एवढा बोल्ट – उचल, मागे ओढ, पुढे ढकल, खाली पाड – झालं, काडतूस नळीत कुलूपबंद. चिखलात पडू दे, भिजू दे, ती आपलं काम करते. बिघडतो तो धरणारा. हसतोस काय, तुलाच म्हणतेय. गेल्या खेपेला केवढं तेल ओतून आणली होतीस, तळणीला पुरलं असतं.

अडतोय म्हणतोस? आण इकडे. चष्मा कुठे ठेवला मी – डोक्यावरच आहे, माहितीये. अडतोय खरा. यंदा आज पहिल्यांदाच काडतूस भरलंस, आणि अडल्यावर जोर लावून दाबलंस ना? दाबलंसच. तुम्ही दोघं भाऊ लहानपणापासून असेच, दार अडलं की खांदा लावणार. थांब, बोल्ट बाहेर काढते. हं. नळीवरच्या नंबराच्या शेवटी सत्तेचाळीस, आणि बोल्टवर? तूच वाच. अठ्ठेचाळीस. आता अठ्ठेचाळीस कुणाची ते मला माहीत नाही होय? जोडीनं घेतल्यात तुम्ही, याच काउंटरवरून. प्रत्येक बोल्ट आपापल्या नळीला घासून बसवलेला असतो, दुसरीत घातला की असा अडतो, नाहीतर सैल बसतो. आणि बोल्ट बदलतात कधी? दोन रायफली एका टेबलावर उघडून पुसल्या तर. सापडलास की नाही? चार वर्षं दादाचं तोंड बघितलं नाही म्हणून सगळीकडे सांगत फिरतोस, आणि गुपचूप त्याच्याकडे बसून रायफली पुसतोस. वहिनीनं जेवायलाही वाढलं असेल. लाजू नकोस, मी कुणाला नाही सांगणार – फार तर दोघातिघांना.

नाही? त्याच्या दारातही नाही गेलास? शपथ नको घेऊस, विश्वास आहे. मग एका टेबलावर कशा...

बस जरा. मला आठवू दे. तुझी इथे सफाईला कधी होती – उन्हाळ्यात. त्याचीही उन्हाळ्यातच. याच टेबलावर दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवल्या होत्या मी, मनात म्हटलं, रायफली तरी बसल्या एकत्र. तेवढ्यात कुणीतरी आलं, गप्पा रंगल्या – तीस वर्षांत माझं एकही काम परत आलं नाही, असं सांगत असते मी सगळ्यांना. मीच बदलले रे बोल्ट. माझी चूक आहे.

ऐक नीट. तुझ्यात अडतोय, म्हणजे त्याच्यात सैल असणार. सैल बोल्टनं काडतुसाचं बूड फुटतं आणि जाळ मागे येतो, सरळ डोळ्यांवर. आणि तासाभरापूर्वी तो इथून काडतुसं घेऊन गेलाय – पिकावरची डुकरं मारायचा हंगाम उद्या सुरू, आज जुन्या खाणीत नेम तपासून बघतो म्हणाला. खाण तासाभराच्याच वाटेवर आहे.

लावतेय ना फोन. कापला. पुन्हा कापला. जाताना त्याचीही चेष्टा केली मी, धाकट्याला घेऊन जा की बरोबर म्हटलं, तर तरातरा निघून गेला. माझा आता नाही उचलायचा.

तू लाव. कुंपणाचं भांडण नंतर सांग, लाव आधी. तुझं नाव चार वर्षांत दिसलं नाही त्याला फोनवर, घाबरून तरी उचलेल. बघ, नंबर न शोधता लावलास. वाजतोय? काय बोलू म्हणजे काय – रायफल खाली ठेव म्हण. माझं नाव सांग, माझी चूक सांग, दुकान बंद पडलं तरी चालेल मला, त्याचे डोळे राहू देत.

उचलला. बोल ना रे. दादा म्हण.