ठोकळे तपासायचेत

(मुलांची बुद्धी तपासायची खोली. टेबलावर लाल-पांढरे ठोकळे, ते जुळवून करायच्या नक्षीची चित्रं, टिकटिकणारं घड्याळ. एका बाजूला तपासणाऱ्या बाई. दुसऱ्या बाजूला सात वर्षांची भिंगरी आणि तिची आजी.)

बाई : ...पण हिनं ठोकळ्याला बोटसुद्धा लावलं नाही, आजी! शाळा म्हणते ते खरंच दिसतंय. हिला खालच्या वर्गात बसवावं लागेल.

आजी : खालच्या? अहो, ही घरातली सगळी कुलपं उघडते. डबे, कपाट, शेजारणीची पर्स... ते जाऊ द्या.

बाई : मग इथेच काय झालं?

आजी : तुम्ही काय म्हणालात तिला? "ही हुशारीची परीक्षा. नीट कर, चुकू नकोस." वर घड्याळ दाबलंत. आमच्याकडे कुणी असा दरडावून आवाज काढला, की काहीतरी फुटलेलं असतं आणि आळ कुणावर घालायचा ते ठरायचं असतं. पोर हात मागेच घेणार!

बाई : काहीतरीच! भिंगरी, खरं का गं?

भिंगरी : मी नाही फोडलं.

बाई : काय नाही फोडलंस?

भिंगरी : ते माहीत नाही. पण मी नाही.

आजी : घ्या! आता मला बोलू द्या.

बाई : परीक्षेचे ठरलेले शब्द बदलले तर गुण धरता येत नाहीत.

आजी : नका धरू. भिंगरे, इकडे बघ. ह्या बाईंना ठोकळे तपासायचेत. काही आळशी निघालेत म्हणे, चित्रात नीट बसत नाहीत. कोण कामचुकार ते शोध.

भिंगरी : हात लावून?

आजी : लाव की. रागाव हवं तर.

भिंगरी : ए, तू तिरका हो! तू सरक. हा... बाई, ह्याला फिरवलं की बसतो. आळशी नाहीये तो. त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. झालं! दुसरं चित्र द्या.

बाई : अगं बाई! हे तर मोठ्या मुलांचं होतं...

आजी : तोंड मिटा, माशी जाईल.

बाई : आजी, हे खरंच धरता येणार नाही हं. सोमवारी परत या, नवीन चित्रं काढते. तोवर हिचा वर्ग बदलू नका, असं शाळेला कळवते.

आजी : आणि सोमवारी पुन्हा तोच फौजदारी आवाज?

बाई : नाही, नाही. सांभाळीन.

आजी : घड्याळ?

बाई : ते लागतंच. मांडीवर ठेवीन, रुमालाखाली.

आजी : बरं. तुम्हाला काही खालच्या वर्गात बसवायला नको.

भिंगरी : बाई, तुम्हाला कोण तपासतं?

बाई : मला? कुणीच नाही गं.

भिंगरी : म्हणून तुम्हाला सगळं येतं.