इंजिनला ओरखडासुद्धा नाही

...नाही नाही, तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो, इंजिनला ओरखडासुद्धा नाही! झालं समाधान? आता या कुबड्या इथं टेकवतो आणि बसतो जरा. तुम्हाला सांगतो, दोन महिने झाले, जो येतो तो दारातच विचारतो, गाडी कशी आहे, मी म्हणतो उत्तम, तो म्हणतो वा वा, आणि चहा पिऊन जातो. अहो, माझा पाय तीन ठिकाणी मोडलाय! लागलं का, एवढं एकानं तरी विचारावं... एकानं! पण विचारलं असेल तर शपथ!

उपद्व्याप कुणाचा? मेहुण्याचा. बायकोचा धाकटा भाऊ, वेल्डिंगचं दुकान, वय बेचाळीस आणि घरात नाव अजून 'बाळ'. मी मोटारसायकल घेतली, ती उंचवाली, दगडधोंड्यांतून जाणारी. माझे नुसते चवडे टेकतात, तेही ताणून, पण हौस! तर बाळ गाडीखाली आडवा झाला आणि तोंड पाडून बाहेर आला. दाजी, हिचं पोट उघडं आहे, एक दगड लागला की इंजिन फुटलं, तेल सांडलं, खेळ खलास. म्हटलं, अरे, कंपनीचं गार्ड आहे की. हसला. म्हणे ते प्लॅस्टिक हो, डब्याचं झाकण बरं त्यापेक्षा, मी बनवतो ना तुम्हाला. आणि बनवलं... तिजोरीचा दरवाजा काढून आणला की काय असा जाड लोखंडी पत्रा! बसवला कसा, तर इंजिनला धक्का लागायला नको म्हणून चांगला चार बोटं खाली सोडून. म्हटलं, बाळ, मग जमिनीत आणि गाडीत जागा काय उरली? तर बायको आतून म्हणते, अहो, त्याला कळतं त्यातलं. संपलं. आमच्या घरात त्याला कळतं आणि मला वळावं लागतं.

पहिल्याच सहलीला कोरड्या ओढ्यातून वाट. आमच्या टोळक्याचा म्होरक्या, सगळे त्याला कप्तान म्हणतात, तो बकरीसारखा टणाटण पलीकडे. मागून मी, माझ्या मागे बाळ. मध्ये एक दगड, फार मोठा नाही हो, उशीएवढा. पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि खण्ण... पत्रा दगडावर बसला! कोंबडी अंड्यावर बसते तशी गाडी दगडावर. मागचं चाक हवेत गरगरतंय, माझे पाय दोन्हीकडे लोंबतायत आणि खाली जमीनच नाही! ते प्लॅस्टिक असतं तर चरचर करत निघून गेलो असतो. पण संरक्षण ना! रोगापेक्षा इलाज भयंकर. गाडी हळूच डावीकडे कलली, मीही कललो, मग ती माझ्यावर... पाय मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

सगळे धावत आले. मला वाटलं, आता उचलतील. कप्तान गुडघे टेकून बसला... गाडीच्या पोटापाशी. मी म्हणतोय पाय, पाय. तो म्हणाला, "हलू नका, खालची बाजू इतकी छान परत दिसायची नाही." आणि तुम्हाला सांगतो, माणसं ओळीनं वाकून बघायला लागली! कुणी पत्र्यावरून हात फिरवतोय, कुणी नखानं खरवडतोय. बाळ तर माझ्या पोटावर गुडघा रोवून फटीत डोळा लावून बसला. मग त्यानं जाहीर केलं, इंजिनला ओरखडासुद्धा नाही. टाळ्या वाजल्या हो. माझ्या अंगावर एवढं धूड, आणि टाळ्या! मग फोटो. मी विव्हळतोय, तर एक जण म्हणतो, काका, डोकं जरा तिकडे घ्या, सावली पडतेय.

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, तर बाळनं शेजारी मोबाइलवर पत्र्याचा फोटो धरला. डॉक्टरांनी एक्स-रे ठेवला खाली आणि मोबाइल घेतला हातात. त्यांच्याकडेही तसलीच गाडी! मला म्हणाले, पाय थोडा आखूड राहील. बाळला म्हणाले, मला काळ्या रंगात हवाय. जखम मांडीला, मलम शेंडीला. आणि बायको? ती व्हरांड्यात उभी राहून माहेरी फोनवर सांगत होती, बाळनं नाव काढलं हो, इंजिनला ओरखडासुद्धा नाही.

आता त्याच्या दुकानात पत्र्यांना ही गर्दी. तो फोटो दाराएवढा मोठा करून घेतला. परवा तो लावायचा होता, बायकोनं मलाही नेलं, स्टुलावर बसवलं. म्हटलं, चला, इथं तरी कुणी विचारेल. बघतो तर फोटोत चकचकीत पत्रा, इंजिन, आणि कोपऱ्यात माझा बूट. नुसता बूट! बाकीचा मी कापलेला. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा खाली कोण? बाळ म्हणाला, "कुणी नाही हो, घरचेच आहेत."

आणि खिळा ठोकायला चढला. हातोडी निसटली, बसली अंगठ्यावर. लाल झाला हो नुसता, रक्त नाही, काही नाही. बायको हातातलं टाकून धावली, अंगठा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत पाणी... तुम्हाला सांगतो, दोन महिन्यांत पहिल्यांदा ते शब्द माझ्या कानांवर पडले.

"फार लागलं का रे?"

इतकं बरं वाटलं मला... स्टुलावरून मीच उत्तर दिलं. म्हटलं, लागलं होतं गं, आता बरं आहे.