हजेरीतलं नाव

शिडी लाव की, शिडी लावायला माझी हरकत नाही — फक्त नट सोडू नकोस इतक्यात. चहा घे आधी. साखर जास्त झाली असेल तर सांग, मला अंदाज येत नाही. कालही तुला परत पाठवलं, केरबा, वाईट वाटलं मला, पण आज नक्की. नूरीननं फोनवर काय सांगितलं तुला — वरचा अँटेनाचा खांब उतरवा, तारा गुंडाळा, अब्बा काही म्हणाले तरी ऐकू नका? असंच म्हणाली असणार. बरोबर आहे तिचं. घर भाड्यानं जाणार, मी पुण्याला तिच्याकडे, आणि तिथं आठव्या मजल्यावर मला कोण तार बांधू देणार? मी हो म्हणालोय. मीच म्हणालोय, कुणी जबरदस्ती केली नाही — निदान मला तसं आठवतं.

हे टेबलावरचं डबडं बघतोयस ना, हसशील, पण हे आमचं इंटरनेट होतं. हॅम रेडिओ म्हणतात याला, गाणी लागत नाहीत याच्यावर. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना घ्यायचा, आणि मग बटण दाबून हवेत विचारायचं — आहे का कुणी? कुणीही. आणि कुठला कोण केरळातला, रशियातला माणूस म्हणायचा, आहे, बोला. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, डॉक्टरेट वगैरे केलेली, मला वाटलं हा आपला छंद. तर माझा मोर्सचा, त्या लांब-आखूड ठोक्यांच्या लिपीचा, सराव चालायचा तेव्हा फरीदा पोळ्या लाटता लाटता ती कट-कड्ड ऐकत असायची, आणि एक दिवस म्हणाली, मी पण बसते परीक्षेला. बसली, पास झाली. मग नूरीन, शाळेत असतानाच. एका घरात तीन परवाने — अख्ख्या वाळवा तालुक्यात दुसरीकडं नसतील, म्हणजे मी काही चौकशी केलेली नाही, उगाच बोलू नये. फरीदा खालून पातेल्यावर चमच्यानं वाजवायची, लांब, आखूड, लांब — जेवायला या. नूरीन वरून कठड्यावर — थांब. भांडणंसुद्धा तशीच व्हायची, केरबा. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडं भांडी फार घासतात.

मग फोन आले. नूरीन म्हणाली, अब्बा, आता खिशातून साऱ्या जगाशी बोलता येतं, ह्या तारा कशाला? मी सांगायला गेलो की बाई, फरक आहे, इथं एक जण बोलतो तेव्हा बाकीच्यांना ऐकावंच लागतं, दोघांनी एकदम बटण दाबलं की कुणाचंच धड कळत नाही. तिकडं सगळे एकदमच बोलतात. पण खरं सांगू? मला खात्री नाही. म्हातारपणाची कुरकुर असेल. फुशारक्या मारणारे आमच्यातही होते, आपल्या अँटेनाची उंची सांगत बसणारे — मी त्यातलाच.

काय? फरीदा ना — ती पुण्यालाच आहे, नूरीनकडं. म्हणून तर मी... नाही. थांब. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? गेली ती. रमजानच्या आधी. ताप म्हणून मिरजेला नेलं आणि — असो. तुला कुणी सांगितलं नाही का? नूरीननं नाही सांगितलं? तिलाही बोलवत नसेल.

तुला एक सांगतो, नूरीनला सांगू नकोस. फरीदाचा फोन नंबर आम्ही बंद केला, आणि एका दुपारी मला काय झालं कोण जाणे, मी त्याच नंबरवर लिहिलं — जेवलीस का? आणि उत्तर आलं. “जेवलो की. तुमी कोन?” फलटणचा कुणी पोरगा, कंपनीनं तो नंबर त्याला दिलेला. मी लिहिलं, माफ करा, चुकलं. तर तो लिहितो, “असू द्या. तुमी जेवला का?” चांगला पोरगा. पण बघ, तिकडं माणूस गेलं की त्याची जागा भरते. कुणाला कळतही नाही.

आमच्यात तसं नाही. रोज सकाळी सांगलीचे जयराजराव हवेवर हजेरी घेतात. एकेकाचं नाव, गाव, मग थांबायचं, ज्यानं त्यानं ‘आहे’ म्हणायचं. आमच्या घराचं आधी तिचं नाव, मग माझं. आणि रीत अशी, की कुणी वारलं तर घरच्या माणसानं स्वतः हवेवर सांगायचं, तोवर नाव काढायचं नाही. जयराजराव मातीला आले होते, केरबा. जनाज्याला खांदा दिला त्यांनी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी — “फरीदाभाभी, इस्लामपूर.” मला राग आला, इतका राग आला. मग त्यांनी वाट पाहिली, नेहमी पाहायचे तेवढीच, जरा जास्तच, आणि मग माझं नाव घेतलं. ती गेल्याचं मी हवेवर सांगितलंच नाही. तेव्हापासून रोज असंच चाललंय. ते बोलावतात, थांबतात, मी ऐकतो. तेवढ्यासाठी उठतो मी. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून नाव गेलं असतं, नाही का?

आणि आता तू खांब उतरवणार. म्हणजे ते तिला बोलावणार आणि ऐकायला इथं कुणीच नसणार, ते मला सहन होत नाही. म्हणून आज सांगून टाकायचं. काल बटण दाबलं होतं. सोडलं.

लागलं बघ. हेच जयराजराव. खरखर फार आहे आज... आधी कराड... आता वाई... आता —

ऐकलंस? थांबलेत.

हॅलो. मी मुजीब, इस्लामपूर. जयराजराव, फरीदा आता... फरीदा नाही. तिचं नाव — काढा.

सोडलं बटण. बोललो ना मी? ऐकू येण्यासारखं बोललो ना? आता माझं नाव घेतील. घेतीलच. ...का घेत नाहीत? गेलं नसेल का तिकडं? तार सुटली का? तू नटाला हात लावला होतास का, केरबा, खरं सांग — नाही, नाही, खरखर येतेय, सेट चालू आहे. मग —

गप्प आहेत. अरे, सगळेच गप्प आहेत. एवढी माणसं बसलीत गावोगावी, आणि कुणीच बटण दाबत नाही — तिच्यासाठी.

नको, काही बोलू नकोस. कळतं मला, बटण सोडलंय, आपला आवाज तिकडं जात नाही. आयुष्यभर हेच शिकवलं. तरी.